विमानाचं तेल

माझ्या चुलत भावाचं इंजिन मी जाळलं, असं आमच्या भावकीत अजून बोललं जातं. बोलू देत. मी साधी काडीसुद्धा लावली नाही. मी फक्त त्याला खरं काय ते सांगितलं, तेही चारचौघांत, मोठ्या आवाजात. आता खरं ऐकून कुणी मुद्दाम उलटं करायचं ठरवलं, तर मी काय करणार? आणि तो उलटंच करणार हे मला आधीपासून ठाऊक होतं, हेही खरं आहे. ते मी लपवत नाही.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोंढ्याच्या मागं इंजिन बोरिंगचं दुकान. गावाचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकली, विहिरीवरची डिझेल इंजिनं, सगळ्यांचे झिजलेले सिलिंडर आमच्याकडं यायचे आणि अण्णा ते मशीनवर आतून घासून पुन्हा गोल करून द्यायचे. शाळेतून आले की दप्तर फेकून मी त्या मशीनपाशी उभी राहायचे. पुढं कॉलेज झालं, स्थळं आली, स्थळं गेली, मी मशीनपाशीच. पोरगी दिवसभर ग्रीसमध्ये हात घालते म्हणून आत्या नाकं मुरडायच्या. अण्णा मात्र अवघड काम आलं की हाक मला मारायचे.

मोठे काका लवकर गेले, त्यामुळं त्यांचा मुलगा आमच्याच घरात वाढला. माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचे. गिऱ्हाइकाशी गोड बोलावं त्यानंच. कॉलरला अत्तर, खिशात सिगारेटचं पाकीट, तोंडात गावभरच्या गप्पा. मशीनवर मात्र त्याचा हात घाईचा. इंचाच्या हजाराव्या भागाला आमच्यात थाऊ म्हणतात. मी म्हटलं की ह्या सिलिंडरला दहा थाऊ पुरे, की हा मुद्दाम पंधरा काढायचा. बाईमाणसाचं ऐकलं असं दिसता कामा नये, एवढीच त्याला काळजी. सिलिंडर गेला खड्ड्यात.

अण्णांची नजर उतरायला लागली. मायक्रोमीटरच्या रेघा त्यांना दिसेनात. दुकान आता कुणीतरी चालवायचं होतं, मी नाहीतर दादानं. आमच्याकडं ह्याचा फैसला तोंडानं होत नाही. खंडेनवमीला मशीनची पूजा होते, हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते, आणि मशीनपुढं जो नारळ फोडतो तो त्या मशीनवर बसतो. आजोबांनी तो नारळ अण्णांच्या हातात दिला होता. आता अण्णा कुणाच्या हातात देतात, याकडं माझे डोळे लागले होते. मला तो नारळ हवा होता. दुसरं काहीच नको होतं मला आयुष्यात.

त्या वर्षी संक्रांतीनंतर पिशोरच्या अलीकडं एका मुरमाड माळावर मोटारसायकलींची शर्यत ठरली. सडकेवरची नव्हे. दगडगोटे, नाले, चढ, उतार. शेजारी गाड्या रंगवायचं दुकान होतं, तिथला पेंटर ह्या खेळाचा शौकीन. मला बाजी म्हणायचा, म्हणजे ताई. आपली दीडशे सीसीची गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "बाजी, इंजन में जान डाल दो बस. बाकी मैं देख लेतूं."

मी जान घातली. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, मशीनवर घासून पातळ केलं. हेड पातळ झालं की वरची जागा कमी होते, पेट्रोल आणि हवा जास्त दाबली जातात आणि ताकद वाढते. इंजेक्शनच्या सिरिंजनं तेल सोडून हेडातली जागा मोजली, एकदा नाही, चारदा. दाब मूळच्यापेक्षा चांगलाच वाढला होता.

पण दाब वाढवला की पेट्रोलही त्या तोडीचं लागतं, आणि हेच आमच्या गावातल्या निम्म्या शहाण्यांना कळत नाही. त्यांना वाटतं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे जास्त ताकदीचं. ताकदबिकद काही नसते त्यात. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली किती दम धरतं त्याचा आकडा. साधं पेट्रोल फार दाबलं, तापलं, की प्लगच्या ठिणगीची वाट बघत नाही, कोपऱ्यात आपलं आपण भडकतं. मग इंजिनातून टकटक ऐकू येते. कुणीतरी आतून हातोडी मारतंय असं वाटतं, आणि मार बसत असतो तो पिस्टनच्या डोक्यावर. सडकेवर निदान वारा लागून इंजिन निवतं. माळावर चढाला थ्रॉटल पूर्ण पिळलेला, वेग बैलगाडीचा, वारा नाही. तिथं दम न धरणारं पेट्रोल घातलं की पिस्टन गेलाच म्हणून समजा. उलट साध्या स्कूटरमध्ये महागडं पेट्रोल ओतलं तर त्याचा काडीचा उपयोग नाही. इंजिन बघायचं, दाब मोजायचा, मग पेट्रोल ठरवायचं. त्या इंजिनासाठी मी जालना रोडच्या पंपावरून तेव्हा मिळायचं ते सगळ्यात वरचं पेट्रोल कॅनमध्ये आणून ठेवलं, आणि ते जेवढ्याला पुरेल तेवढाच दाब ठेवला.

शर्यतीच्या दिवशी दादा म्हणाला, "तू प्लग बघ, टाकी मी भरतो." मीही भरू दिली. घरातलाच माणूस, संशय कशाला घ्यायचा?

पहिल्या चक्करला पेंटर पुढं होता. दुसऱ्या चक्करला मला टकटक ऐकू आली. मी धावत ओरडत सुटले, "थांब, थांब!" पण हेल्मेटमधून त्याला काय ऐकू येणार. चढावर फट्ट झालं, मागचं चाक जाम झालं आणि तो गाडीसकट आडवा झाला. खांद्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून मला म्हणतो कसा, "बाजी, इंजन नै था वो, भट्टी था." दोन महिने त्याला रंगाची गन हातात धरता आली नाही.

दुकानात इंजिन खोललं. पिस्टनच्या डोक्याला मधोमध भोक. मी टाकीत बोट बुडवून नाकाला लावलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. रॉकेलचा वास! दुकानात सुटे भाग धुवायला आम्ही रॉकेल आणि पेट्रोल मिसळून एका पत्र्याच्या डब्यात ठेवतो. आदल्या दिवशी दादा मित्रांना घेऊन फर्दापूरला लेणी दाखवायला गेला होता, आणि जाताना माझ्या कॅनमधलं चांगलं पेट्रोल त्यानं स्वतःच्या गाडीत ओतलं होतं. कॅन रिकामा दिसू नये म्हणून धुवायच्या डब्यातलं फडक्यानं गाळून त्यात भरलं. हे त्याच्याच मित्रानं मला हसत हसत सांगितलं. गंमत म्हणून.

पुरावा करणं सोपं होतं. पंपावर मिळतो तो फिल्टरचा कागद घ्यायचा आणि त्यावर थेंब सोडायचा. चांगलं पेट्रोल असेल तर दोन मिनिटांत उडून जातं, कागद कोरा. रॉकेल असेल तर तेलकट डाग राहतो. मी थेंब सोडला, वाळवला, आणि डाग पडलेला कागद घेऊन अण्णांपुढं उभी राहिले.

अण्णांनी तो हातात घेतला नाही. "कागद दाखवू नको मला," म्हणाले. "जाऊ दे माय. घरातली गोष्ट आहे."

म्हणजे त्यांना समजलं होतं! सगळं समजलं होतं. पण भावाचा पोरका मुलगा, त्याला चारचौघांत चोर कसं म्हणायचं? त्यापेक्षा पोरीला चूक ठरवणं सोयीचं. पोरगी काय, आज आहे, उद्या लग्न करून जाईल. मी तिथं रडले नाही. मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

दादाला तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यानं तो भोक पडलेला पिस्टन धुतला, खाली पत्र्याचा तुकडा चिकटवला आणि काउंटरवर राख झाडायला ठेवला. गिऱ्हाईक आलं की सिगारेट पुढं करायचा आणि म्हणायचा, "झाडा ह्याच्यात. आमच्या बहिणीची कारागिरी आहे." ट्रॅक्टरवाले, जीपवाले, वैजापूरचे कांद्याचे व्यापारी, सगळे हसायचे आणि माझ्या पिस्टनमध्ये सिगारेट विझवायचे. मी मागं मशीनवर. माझ्या पाठीला ते सगळं ऐकू यायचं. खंडेनवमी आली. अण्णांनी नारळ दादाच्या हातात दिला. त्यानं तो फोडताना माझ्याकडं बघितलं, आणि पाणी माझ्या साडीवर उडालं ते त्यानं मुद्दामच उडवलं, असं मी आजही म्हणते.

त्या दिवशी मी ठरवलं, ह्याचं उट्टं काढायचं. पण भडकायचं नाही. माझा राग म्हणजे साधं पेट्रोल होता, नुसतं डिवचलं की पेट घ्यायचा. त्या दिवसापासून मात्र मी तो दाबून दाबून धरला. दादा बोलायचा, मी ऐकायचे. तो पंधरा थाऊ काढायचा, मी बिघडलेला सिलिंडर निमूट सुधारायचे. आत्या म्हणाल्या, पोरगी सुधारली बाई. मी मनात म्हटलं, थांबा की जरा.

पुढच्या संक्रांतीला शर्यत पुन्हा ठरली आणि आता दादाला स्वतःच चालवायची हुक्की आली. मशीनवर बसणारा माणूस तो, त्याचंच इंजिन सगळ्यात जोरात पाहिजे. त्यानं आपल्या गाडीचं हेड घासघासून त्याचा पार पापड केला. ना सिरिंज, ना मोजमाप. इतक्या दाबाला आमच्या गावच्या पंपावरचं कुठलंच पेट्रोल पुरलं नसतं. पेंटरचा खांदा एव्हाना भरून आला होता आणि तो पुन्हा माझ्याकडंच आला होता. त्याच्या इंजिनाला मी ह्या वेळी दाब थोडा कमीच ठेवला, हेड जरा उचललं जावं म्हणून खाली जाड गॅस्केट घातलं. पेट्रोल आपल्याला हवं तसं मिळत नसेल, तर मिळतं त्या पेट्रोलाला झेपेल असं इंजिन करायचं. कॅन मात्र मी माझ्या हातात ठेवला, रात्री उशाशी घेऊन झोपले म्हणा ना.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात दुकानात गिऱ्हाइकं होती, अण्णा खुर्चीत होते, चहा आला होता. दादा सगळ्यांना आपलं हेड दाखवत होता. मी कप खाली ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "दादा, एवढं दाबल्यावर साधं पेट्रोल टिकायचं नाही. हेडखाली जाड गॅस्केट घाल, नाहीतर पिस्टन जाईल."

"आता हिनं शिकवायचं व्हय आपल्याला?" तो गिऱ्हाइकांकडं बघून म्हणाला. सगळे हसले. पिस्टनमध्ये कुणीतरी राख झाडली.

मग मी दुसरं वाक्य बोलले. ते वाक्य मी खंडेनवमीपासून घोकून ठेवलं होतं. "आणि काहीही कर, पण विमानाचं तेल तेवढं घालू नको. आपल्याकडं उतरतात ती मोठी विमानं रॉकेलच्याच जातीवर चालतात. ते भारीबिरी काही नसतं."

ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पंख्याची छोटी विमानं असतात, त्यांना खरंच उंची पेट्रोल लागतं. पण जेट विमानाचं तेल म्हणजे साफ केलेलं रॉकेलच, त्याला दाबाखाली दम धरणं माहीत नाही. आमच्या गावात मात्र समज असा, की जे तेल विमान उडवतं ते मोटारसायकलला काय उडवील! विमानाचं तेल मिळालं म्हणून मिशीला पीळ देणारे लोक मी बघितले आहेत. दादाच्या डोक्यात तोपर्यंत विमान आलंही नव्हतं. मी आणून बसवलं, आणि वर त्याला घालू नको म्हणून सांगितलं. त्याचे डोळे असे चमकले! मी खाली मान घालून चहा प्यायले. चहा लई गोड लागला.

चार दिवसांनी तो कुठल्याशा ओळखीनं एक डबा घेऊन आला आणि माझ्यापासून लपवून ठेवला. लपवला! मला कळलं तर मी अडवीन, अशी भीती वाटली असणार बिचाऱ्याला.

शर्यतीला सगळा मोहल्ला आला होता. अण्णांनाही दादा आग्रहानं घेऊन आला, आपला पराक्रम दाखवायला. त्याची गाडी चालूच होईना. किक मारून मारून शर्ट भिजला. अर्धं पेट्रोल, अर्धं विमान, पेटायला वेळ लागणारच. शेवटी चालू झाली तर मागून धूर आणि माळभर रॉकेलचा वास. कुणीतरी ओरडलं, "अरे स्टो कुणी पेटवला?" दादानं हात वर करून अभिवादन केलं. त्याला वाटलं, लोक कौतुक करतायत.

सपाटीवर तो चालला. चढ लागला आणि मला ऐकू आलं. टक. टक. टकटक. माझ्याशेजारी अण्णा उभे होते. डोळे गेले होते, कान शाबूत होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी सरळ पुढं बघत राहिले. मागच्या वर्षी हीच टकटक ऐकून मी ओरडत धावले होते. ह्या वेळी हाताची घडी घालून उभी राहिले.

ऐन चढावर फट्ट झालं. गाडी थांबली, मग मागं घरंगळली आणि दादा बोरीच्या झुडपात जाऊन बसला. मोडलं काही नाही, काटे मात्र जागोजाग टोचले, आणि ते काढताना त्याला चार दिवस बसता आलं नाही. मोडावं असं मला वाटलं होतं का? पेंटरचा खांदा आठवत होता मला. थोडंसं वाटलं होतं. लोक पोट धरून हसत होते. पेंटर त्याच्या बाजूनं गेला, तिसरा आला, आणि इंजिन शेवटपर्यंत शिवणयंत्रासारखं चाललं.

अण्णा हळूहळू चढापर्यंत गेले. मी मागं. त्यांनी दादाच्या टाकीचं झाकण काढलं, बोट बुडवलं, वास घेतला. बोट फडक्याला पुसलं. मग मला म्हणाले, "कागद आण."

वर्षभर मी ह्या दोन शब्दांसाठी थांबले होते. फिल्टरचा कागद माझ्या पर्समध्येच होता, घडी करून ठेवलेला. मी पर्स उघडलीसुद्धा नाही.

"कागद कशाला अण्णा," मी म्हणाले. "जाऊ द्या. घरातली गोष्ट आहे."

माझ्या बापाचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मला आजही दिसतं. लागलं त्यांना. लागायलाच पाहिजे होतं. त्यांनी टाकीचं झाकण लावायचा प्रयत्न केला, आटे बसेनात. शेवटी झाकण माझ्या हातात देऊन ते उतारानं खाली गेले.

खंडेनवमीला दादा आला नाही, पाहुण्यांकडं गेला. मशीनला माळ घातली, हळदकुंकू झालं. अण्णांनी नारळ उचलला, शेंडी सोलली आणि माझ्यापुढं धरला. म्हणाले, "माय, मागच्या सालीच तुझा होता." मी नारळ एका घावात फोडला. पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं, आत्यांच्या नव्या साड्यांवरसुद्धा.

माझा पिस्टन मी काउंटरवरून उचलून घरी नेला, राख धुतली आणि कपाटात ठेवला. त्याच्या जागी दादाचा ठेवला. त्याला माझ्या पिस्टनपेक्षा मोठं भोक आहे, खाली जाड पत्रा चिकटवावा लागला. गिऱ्हाईक विचारतं, हे कशानं झालं हो बाई? मी सांगते, विमानाच्या तेलानं. नाव मात्र कुणाचं सांगत नाही. सगळ्यांना ठाऊकच असतं.

दादा पुढं वैजापूरला ट्रॅक्टरच्या धंद्यात गेला, बरं चाललंय त्याचं. पण तिकडं कुणाला सिलिंडरचं काम येत नाही, म्हणून दोन-तीन महिन्यांनी सिलिंडर घेऊन त्याला माझ्याकडंच यावं लागतं. अण्णा आता नाहीत. परवा तो आला, बसला. केस पांढरे, अत्तर तेच. मी चहा मागवला आणि पिस्टन त्याच्या पुढ्यात सरकवला. दर वेळी सरकवते.

"घे की दादा, ओढ. झाडायला आहे हे."

"सोडली मी," तो म्हणाला.

"व्हय का? कधी?"

त्यानं पिस्टन माझ्याकडं परत सरकवला. मग म्हणाला, "दर टायमाला विचारतीस. हा इथं मांडलास त्या दिवशी. ठाऊक नाय व्हय तुला?"

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं." आणि त्याचा सिलिंडर मशीनवर चढवला.